बाल्टिमोरचं सलून, ब्लॅक मुलांचं वाचन आणि मंडळाचे उरलेले १२०० डॉलर

तांबडापांढरा
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी मेरीलँडात कोलंबियाला राहतो, ऑफिस बाल्टिमोर शहरात. ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक ब्लॅक सलून आहे, दीडेक वर्ष तिथेच कटिंग करतो. शनिवारी गेलं की तास-दीड तास नंबर लागत नाही. बाप, मामा, चर्चमधले म्हातारे, पोरंटोरं, टीव्हीवर मॅच, आणि सगळे एकदम बोलणार. आपल्या गावाकडच्या सलूनची आठवण येते, फक्त भिंतीवर हिरो-हिरोइनींच्या फोटोऐवजी बास्केटबॉलवाले. तर तिथे कोपऱ्यात मालकाने मुलांच्या पुस्तकांचं छोटं कपाट ठेवलंय. मी विचारलं तर म्हणाला की न्यूयॉर्कच्या एका मास्तरची आयडिया आहे, मी उचलली.

घरी येऊन शोधलं. अल्विन इर्बी म्हणून आहेत, ब्राँक्समध्ये पहिलीला शिकवायचे. शाळेसमोरच्या सलूनमध्ये बसले असताना त्यांच्याच वर्गातला मुलगा आला आणि कंटाळून चुळबुळ करत बसला. यांना वाटलं, आत्ता याच्या हातात पुस्तक पाहिजे होतं. त्यातून 'बार्बरशॉप बुक्स' सुरू झालं, २०१७ साली नॅशनल बुक फाउंडेशनचा पुरस्कारही मिळाला. त्यांच्या भाषणात एक आकडा आहे की चौथीतले ८५ टक्क्यांहून जास्त ब्लॅक मुलगे वाचनात प्रोफिशियंट नाहीत. ऐकून मी गारच पडलो.

आता मुद्दा. आमच्या इथल्या मराठी मंडळाकडे गणपतीच्या वर्गणीतले १२०० डॉलर उरलेत. मी कमिटीत म्हटलं की या आणि आसपासच्या दोन-तीन सलूनना पुस्तकं देऊया. खजिनदार म्हणाले, "पुस्तकं ठेवली म्हणून कोणी वाचायला लागतं का? तुझ्या घरी ज्ञानेश्वरी आहे ना? वाचतोस?" सगळे हसले आणि विषय मोदकांवर गेला.

पण त्यांचं अगदीच चूक नाही. चार शनिवार मी नीट बघितलं. चार-पाच वर्षांची पोरं पुस्तक घेऊन बापाच्या मांडीवर बसतात. आठ-नऊची मात्र चित्रं चाळतात आणि परत ठेवतात. एकाने मला एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. शब्द होता 'दो', म्हणजे टी-एच-ओ-यू-जी-एच. मी सांगितलं. तो म्हणाला, मग हा जी कशाला? मला उत्तर देता येईना.

तर पैसे कशावर घालवावेत? पुस्तकं, की अजून काही?

गोट्या_पुणे३०
जी कशाला हे आम्हालाही कळलं तर धागा सार्थकी लागला.

शेवगा
स्तुत्य उपक्रम. पुढील लेखनाला शुभेच्छा.

चार्वाक२
आधी आकड्याचं बघू, नाहीतर सगळा धागा त्याच्यावरच घसरत जाईल. आकडा खोटा नाही पण लोक तो "८५ टक्के मुलांना वाचता येत नाही" असा ऐकतात. तसं नाहीये. नेप म्हणजे देशभर होणारी सरकारी चाचणी, तिच्यात बेसिक, प्रोफिशियंट आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशा पातळ्या असतात, आणि प्रोफिशियंट म्हणजे पास नव्हे, ती बरीच वरची पट्टी आहे. २०२४ मध्ये अख्ख्या अमेरिकेतले चौथीचे फक्त ३१ टक्के तिथे पोचले. खरी काळजी बेसिकच्याही खाली राहिलेल्यांची, ते सगळे मिळून ४० टक्के होते आणि ब्लॅक मुलांत हे प्रमाण खूपच जास्त असतं. म्हणजे देशभराचीच शिकवण्यात बोंब आहे, आणि ज्याच्या घरी ट्यूशनला पैसे नाहीत त्याला ती सगळ्यात जास्त लागते.

आणि कुणी टाकायच्या आधीच सांगतो. "तिसरीच्या वाचनाच्या मार्कांवरून तुरुंगातल्या खाटा ठरवतात" हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं वाक्य थाप आहे. कितीतरी वेळा खोडून झालंय, तरी मरत नाही.

शेवगा
मी तेच टाकणार होतो :(

खडूसकाका
कटू बोलतो, राग मानू नये. तीस वर्षं या देशात आहे. आम्ही दोन सुटकेस घेऊन आलो, आमची मुलं स्पेलिंग बी जिंकतात. लायब्ररी फुकट, शाळा फुकट, दुपारचं जेवण फुकट. तरी वाचत नसतील तर घरात आवडच नाही, दुसरं काय? मंडळाचे पैसे आपल्या बालविकास वर्गाला द्या.

अबोली_ओकलंड
काका, तुम्ही दोन सुटकेस आणि एक इंजिनियरिंगची डिग्री घेऊन आलात. ती वजनात धरली नव्हती वाटतं.

गोट्या_पुणे३०
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

इतिहासाचा_हमाल
खडूसकाका, "घरात आवड नाही" हे बाल्टिमोरच्या धाग्यावर लिहिलंत ही गंमतच आहे. त्याच शहरात फेल्स पॉइंट म्हणून बंदराचा भाग आहे, आता तिथे हॉटेलं आणि बोटी. तिथे फ्रेडरिक डग्लस नावाचा गुलाम मुलगा होता. मालकीणबाई सोफिया ऑल्ड त्याला एबीसीडी शिकवायला लागल्या, नवऱ्याला कळल्यावर त्याने बंद पाडलं, का तर वाचायला शिकला की हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. पोरगं तिथेच समजलं की या गोष्टीत काहीतरी ताकद आहे. मग काय केलं, तर घरातून निघताना खिशात पाव ठेवायचा, आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून धडा घ्यायचा. आणि लिहायला? गोदीत जहाजाचे सुतार लाकडावर खूण करायचे, डाव्या बाजूच्या फळीवर 'एल', उजव्या बाजूच्या फळीवर 'एस'. ती अक्षरं गिरवून गिरवून लिहायला शिकला. १८४५ च्या आत्मचरित्रात हे सगळं त्याने स्वतः सांगितलंय.

आणि ही एकट्याची गोष्ट नाही. साउथ कॅरोलायनात १७४० पासून गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा होता, व्हर्जिनियात १८३१ मध्ये शिकवण्यासाठी जमणंच बेकायदा केलं. आवड नसलेल्या लोकांसाठी कुणी कायदे करत नाही हो.

हे आपल्याला नवीन का वाटावं तेच कळत नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली आहे ते पहिलं पान उघडून बघा. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. "यांना शिकून काय करायचंय" आणि "यांना आवडच नाही", दोन्ही आपण घरचंच ऐकलेलं आहे.

मास्तर_सांगलीकर
हमालसाहेब, दंडवत.

खडूसकाका
इतिहास मान्य. पण ते कायदे केव्हाच गेले. आत्ताचं बोला.

रानजाई
आत्ताचं मी बोलते. बाल्टिमोरातच राहते. नवरा ब्लॅक आहे, मुलगा दुसरीत. माझं माहेर कराडचं, त्यामुळे "आवड" वगैरे दोन्ही बाजूंनी भरपूर आहे म्हणा. सासूबाई चर्चमध्ये रविवारचा वर्ग घेतात, त्यांच्या बॅगेत पेन कमी आणि पुस्तकं जास्त.

बालवाडीत असताना शाळेतून रोज फोन. जागेवर बसत नाही, फळ्याकडे बघत नाही, शेजारच्याच्या वहीत डोकावतो. वर्गात रंगांची पट्टी होती, हिरवं पिवळं लाल, आणि हा कायम लाल. पाच वर्षांचं पोर घरी येऊन सांगायचं "मम्मा, मी लाल आहे." मी नवऱ्याशी भांडायचे की तू लाडावून ठेवलायस. तो गप्प बसायचा. नंतर एकदा म्हणाला, मीपण लाल होतो.

मग एके दिवशी शाळेत डोळे तपासणारी गाडी आली. जॉन्स हॉपकिन्स आणि शहर मिळून तो कार्यक्रम चालवतात, शाळेतच तपासून चष्मा फुकट देतात. आमच्या चिरंजीवांना फळाच दिसत नव्हता! शेजारच्याच्या वहीत डोकावायचा कारण तिथलं दिसायचं. कुणाच्याही डोक्यात आलं नाही, शिक्षिकेच्या नाही आणि माझ्याही नाही. मी तर आई. माझाच चष्मा पाच नंबरचा आहे.

चष्मा आला, लाल बंद झाला. पण वाचन आलं नाही. ते आम्हाला अजून उशिरा कळलं कारण हा फर्डा वाचायचा. आजीच्या वर्गातली वचनं, रात्रीची गोष्टीची पुस्तकं, सगळी घडाघड. पान मात्र चुकीचं उघडलेलं असायचं. सगळं पाठ!

तर तांबडापांढरा, तुमच्या सलूनमधली आठ-नऊची पोरं चित्रं बघून पुस्तक ठेवतात ना, ती कंटाळलेली नसतात. चारचौघांत कळू नये म्हणून ठेवतात.

बोस्टनची_बाकरवडी
रानजाई, पाच नंबरचं वाचून हसू पण आलं आणि डोळ्यात पाणी पण.

मी बोस्टनला मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. इथे १९८९ साली बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये 'रीच आउट अँड रीड' सुरू झालं, आता देशभर आहे. तपासणीला आलेल्या बाळाच्या हातात डॉक्टर पुस्तक देतात, घरी न्यायला. लोकांना वाटतं भेट आहे. भेट आहेच, पण तीच तपासणी पण आहे. सहा महिन्यांचं बाळ पुस्तक तोंडात घालतं, दीड वर्षाचं बोट दाखवतं, पुढे पान उलटतं. आई पुस्तकाबद्दल बाळाशी काय बोलते, बोलते का, हे स्टेथोस्कोपने कळत नाही. ब्लॅक बाप आपल्या लेकाला मांडीवर घेऊन वाचून दाखवतोय हे मी आठवड्यातून कितीतरी वेळा बघते, काकांना एकदा ड्यूटीवर घेऊन जाते.

चार्वाक२
रानजाईंच्या 'लाल'ला आकडा जोडतो. २०११-१२ च्या सरकारी माहितीत अमेरिकेतल्या सरकारी बालवाड्यांतली १८ टक्के मुलं ब्लॅक होती, पण एकापेक्षा जास्त वेळा निलंबित झालेल्यांत ती ४८ टक्के. बालवाडीतून निलंबन! चार वर्षांच्या पोराला! येल विद्यापीठात २०१६ मध्ये एक प्रयोग झाला, बालवाडीच्या शिक्षकांना व्हिडिओ दाखवून सांगितलं की खोड्या होणार आहेत, लक्ष ठेवा. व्हिडिओत खोड्या नव्हत्याच. पण नजर टिपणाऱ्या यंत्रात दिसलं की सगळ्यात जास्त वेळ डोळे ब्लॅक मुलग्यावर होते. दारात उभं केलेलं पोर अक्षरं कधी शिकणार?

मास्तर_सांगलीकर
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे पहिली-दुसरीला शिकवले. अमेरिकेतले मला काही कळत नाही, लेकीकडे सहा महिने जाऊन आलो एवढेच. पण रानजाईताईंचे वाचून एक सांगावेसे वाटते. पाठ म्हणणारे मूल ओळखायची साधी युक्ती आहे, धडा शेवटून वाचायला सांगायचे. किंवा शब्दाचे तुकडे करून अर्थ नसलेला शब्द फळ्यावर लिहायचा. 'कमळ' येते म्हणणाऱ्याला 'ळमक' वाच म्हणायचे. ज्याला अक्षरे येतात तो हसत हसत वाचतो, ज्याला येत नाहीत तो छताकडे बघतो.

आपल्याकडे एक सोय आहे, जे लिहिले ते बहुतेक तसेच म्हणायचे. इंग्रजीत ती नाही. म्हणून तिथे आवाज आणि अक्षर यांची जोडी जास्त नेटाने शिकवावी लागत असेल असा माझा अंदाज.

अबोली_ओकलंड
मास्तर, अंदाज नाही, हेच तर गेली पंचवीस वर्षं भांडण चाललंय इथे! २००० साली नॅशनल रीडिंग पॅनेलने सांगून झालं की आवाज सुटे ऐकू येणं, अक्षर-आवाजाची जोडी, ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन, हे सगळं नीट पद्धतशीर शिकवा. तरी बऱ्याच शाळांत वेगळंच चालू राहिलं. शब्द अडला की चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, काय बसेल त्याचा अंदाज कर.

मीपण असंच शिकवायचे, कबूल करते. दुसरीला शिकवते. माझ्या वर्गात एक गोड ब्लॅक मुलगा होता, बडबड्या, हुशार. "द बोट इज ऑन द लेक" फाडफाड वाचला. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी चित्रावर तळहात ठेवला. तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मग माझा हात हळूच सरकवायला लागला. तो दिवस मी विसरत नाही. जितका हुशार तितका अंदाज चांगला, तितकं उशिरा कळतं. तिसरीनंतर चित्रं जातात आणि पत्ते उघडे पडतात.

ओकलंडात २०२१ मध्ये एनएएसीपीच्या (ब्लॅक लोकांच्या नागरी हक्कांची जुनी संघटना) इथल्या शाखेने शाळा-जिल्ह्याकडे अर्जच केला की पुराव्यावर टिकणारी पद्धत आणा, हा नागरी हक्काचा प्रश्न आहे. त्यात पुढे होते करीम वीव्हर, ते स्वतः इथेच शिकवायचे. पूर्वी ठरीव पाठांची फोनिक्सची, म्हणजे अक्षर-आवाजाच्या जोडीची, पुस्तकं आली तेव्हा शिक्षकांनीच ती हाणून पाडली होती, आणि विरोध करणाऱ्यांत आपणही होतो हे त्यांनी उघडपणे सांगितलंय. मला ते फार भावलं.

खडूसकाका
मग हे शाळेचं काम झालं. सलूनचं कपाट आणि मंडळाचे पैसे कुठे आले यात?

चार्वाक२
काकांचा हा प्रश्न रास्त आहे. (माझ्याकडूनच हे येतंय, तारीख लिहून ठेवा.)

शाळेने केलं तर काय होतं ते मिसिसिपीत दिसतं. देशातलं सगळ्यात गरीब राज्य म्हणतात ते, ब्लॅक मुलं भरपूर. २०१३ मध्ये कायदा केला. शिक्षकांना नव्याने प्रशिक्षण, मागे पडलेल्या शाळांत वाचनाचे कोच, लहानपणीच चाचणी, आणि तिसरीअखेर वाचता आलं नाही तर वर ढकलायचं नाही. चौथीचे नेपचे मार्क २०१३ मध्ये २०९ होते, २०१९ मध्ये २१९, म्हणजे देशाच्या सरासरीला टेकले. २०२४ मध्ये देश घसरला, हे तिथेच राहिले आणि पुढे निघाले. टीकाकार म्हणतात कच्ची पोरं तिसरीतच ठेवली म्हणून चौथी छान दिसते. थोडं असेलही त्यात. पण एवढी सगळी वाढ त्याने होत नाही असं माझं मत.

तांबडापांढरांसाठी खास, ही वाढ झाली त्या वर्षांत तिथल्या शिक्षणखात्याच्या प्रमुख होत्या कॅरी राइट. त्या आता तुमच्या मेरीलँडात त्याच खुर्चीत आहेत.

तांबडापांढरा
हे माहीतच नव्हतं! कमिटीत सांगतो. खजिनदारांना राइट बाई कोण ते विचारतो आधी.

निळावंती
उशिरा आले धाग्यावर. मी अटलांटात स्पीच थेरपिस्ट आहे. एक बाजू राहिली आहे ती म्हणजे बोली.

बरीच ब्लॅक मुलं घरी जी इंग्रजी बोलतात ती मोडकी इंग्रजी नाही, तिला स्वतःचं पक्कं व्याकरण आहे. मराठी माणसाला तर ते लगेच कळायला पाहिजे. "ही वर्किंग" म्हणजे तो आत्ता काम करतोय. "ही बी वर्किंग" म्हणजे तो काम करत असतो. 'करतोय' आणि 'करत असतो'! हा फरक दाखवायला शाळेच्या इंग्रजीला वेगळा शब्द जोडावा लागतो, या पोरांच्या तोंडात तो आपसूक आहे.

आता वाचनात काय होतं बघा. या बोलीत शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं आली की एक गळतं. 'टेस्ट'चं 'टेस', 'कोल्ड'चं 'कोल'. मूल पुस्तकात 'कोल्ड' बघतं, बरोबर ओळखतं, अर्थ कळतो, आणि आपल्या बोलीत 'कोल' म्हणतं. शिक्षिका म्हणते चूक. त्याला कळतच नाही काय चुकलं. असं दिवसातून वीस वेळा झालं की पोर तोंड उघडायचं बंद होतं. उलट, लिहिताना त्याला ते शेवटचं अक्षर ऐकूच येत नाही, तिथे खरंच मदत लागते. शिक्षकाला बोली माहीत असेल तर तो पहिली चूक सोडून देतो आणि दुसरी शिकवतो. १९७९ साली अ‍ॅन आर्बरच्या खटल्यात न्यायाधीशांनी हेच सांगितलं होतं, शिक्षकांनी मुलांची घरची भाषा ओळखून वाचायला शिकवावं. १९९६ मध्ये ओकलंडने तसा ठराव केला तर देशभर टिंगल झाली.

मास्तर_सांगलीकर
निळावंतीताई, अगदी अगदी. आमची पोरे 'पानी' म्हणायची. एक साहेब तपासणीला आले आणि पोराला सगळ्यांसमोर 'पाणी' असे दहा वेळा म्हणायला लावले. ते पोर पुढे महिनाभर वर्गात बोलले नाही, तहान लागली तरी करंगळीने खूण करायचे. मी नंतर फळ्यावर दोन रकाने करायचो, घरचे पानी आणि पुस्तकातले पाणी. दोन्ही प्यायचे.

गोट्या_पुणे३०
आमच्याकडे पुण्यात एकच रकाना असतो.

मास्तर_सांगलीकर
म्हणून तर टँकर लागतो.

गोट्या_पुणे३०
मास्तर __/\__

शेवगा
अवांतर: ब्लॅक म्हणायचं की कृष्णवर्णीय? पेपरात कृष्णवर्णीय असतं.

रानजाई
माझा नवरा स्वतःला ब्लॅक म्हणतो, मीपण तेच म्हणते. कृष्णवर्णीय म्हटलं तर त्याला वाटतं मी देवघरातल्या कोणाबद्दल बोलतेय. फक्त आपल्या पार्ट्यांमध्ये पुरुष मंडळी हळू आवाजात 'कल्लू' म्हणतात ना, ते बंद करा. त्याला मराठी येतं. बोलत नाही, पण येतं.

बोस्टनची_बाकरवडी
बापरे. त्या पार्टीत मी असते तर जमिनीत गेले असते.

इतिहासाचा_हमाल
पुस्तकांकडे वळतो. कपाटात आहेत कुठली? बक्षीस समारंभात आपल्याला कायम 'थोरांची चरित्रे' मिळायची, आठवतंय? मला एकच चरित्र तीन वर्षं मिळालं. ब्लॅक मुलांना देणारे पण तेच करतात, गुलामगिरी, मोर्चे, मार्टिन ल्यूथर किंग. सगळं महत्त्वाचंच, पण सात वर्षांच्या पोराला शनिवारी सलूनमध्ये पादण्यावरचे विनोद वाचायचे असतात. इर्बी स्वतः स्टँडअप कॉमेडी करतात, त्यांचाही आग्रह असतो की पुस्तकं मुलांना आवडणारी हवीत, मोठ्यांना आवडणारी नव्हे.

आणि साधी पण हवीत, ज्यात ब्लॅक मुलगा नुसता मुलगा आहे. १९६२ चं 'द स्नोई डे' बघा. लाल कोट घातलेला पोरगा बर्फात खेळतो आणि घरी येतो, बस, गोष्ट संपली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने १२५ वर्षांचा हिशोब काढला तेव्हा सगळ्यात जास्त वेळा घरी नेलेलं पुस्तक हेच निघालं, ४,८५,५८३ वेळा.

अबोली_ओकलंड
त्यात एक भर. थोडी पुस्तकं अशी घ्या की ज्यात मुलांना शिकवलेल्या अक्षर-आवाजांचेच शब्द असतात, डिकोडेबल म्हणतात त्यांना. गोष्टी थोड्या बंडल असतात, पण पोराला पहिलं पुस्तक "मी स्वतः संपवलं" असं त्यातच मिळतं. पण ती एकटी ठेवू नका, नाहीतर कपाट बघून कोणीही पळेल.

शेवगा
मिशिगनमध्ये इप्सिलांटीला एका सलूनमध्ये मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं तर कटिंगवर २ डॉलर सूट देतात. ते करा की. १२०० भागिले २, सहाशे कटिंगं.

रानजाई
कल्पना चांगली आहे, त्यांच्याकडे चाललीही छान. पण मी मघाशी लिहिलं ते बघा. ज्याला येत नाही त्याने पंधरा पुरुषांसमोर अडखळायचं, तेही दोन डॉलरसाठी? माझा तर केस वाढवून बसला असता. न्हाव्याने खुर्चीत बसल्यावर फक्त त्याला ऐकू येईल असं वाचून घेतलं तर वेगळं.

निळावंती
+१. आणि वाचून दाखवणारा पुरुष दिसणं हेच मोठं आहे. ब्लॅक पुरुष शिक्षक शंभरात दोनसुद्धा नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातला अभ्यास आहे, गरीब घरातल्या ब्लॅक मुलग्यांना तिसरी ते पाचवीत एक जरी ब्लॅक शिक्षक मिळाला तर शाळा सोडण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी घटते. एक! म्हणून मला सलून आवडतं, तिथे शनिवारी ब्लॅक पुरुष ढिगाने असतात.

खडूसकाका
फुकट लायब्ररीबद्दल कोणीच बोललं नाही.

बोस्टनची_बाकरवडी
फुकट होती कुठे काका, पुस्तक उशिरा दिलं की दंड असायचा ना. शिकागोने २०१९ मध्ये दंड रद्द केला तेव्हा कळलं की शहराच्या दक्षिण भागात तीनातल्या एकाचं कार्ड दंडापायी बंद पडलेलं, उत्तरेत सहातल्या एकाचं. पोराने आजीच्या कार्डावरचं पुस्तक उशिरा दिलं की आजीचं कार्डही बंद, मग आजीच म्हणणार, नको बाबा आणू पुस्तकं. बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट लायब्ररीने तर त्याच्या आधीच, २०१८ ला, दंड काढला. कपाटावर तेवढी एक चिठ्ठी लावा, "लायब्ररीत आता उशिराचा दंड नाही". खर्च शून्य.

खडूसकाका
चिठ्ठी ठीक आहे. बालविकास वर्गाचं मत मी सोडलेलं नाही.

तांबडापांढरा
मंडळी, महिन्याने धागा वर काढतोय. अपडेट.

कमिटीने १२०० पैकी ८०० मंजूर केले. ४०० ढोलांच्या पानांना गेले, तिथे माझं काही चाललं नाही. सलूनच्या मालकाला विचारलं काय पाहिजे, तर त्याने सगळ्यात आधी जे सांगितलं ते इथे कुणीच लिहिलं नव्हतं. कपाट माझ्या खांद्याला लागतं, म्हणाला, पोरांना वरचा कप्पा दिसतच नाही. दीड वर्षात माझ्याही लक्षात आलं नव्हतं. स्क्रू काढून खाली आणलं. पुस्तकं मालकाने आणि तिथल्या पाच-सहा पोरांनी निवडली, पादण्याची तीन आहेत. डिकोडेबल वेगळ्या कप्प्यात नाही ठेवली, सगळ्यांत मिसळून ठेवली, म्हणजे कोण काय उचलतंय ते उठून दिसत नाही (रानजाई, थँक्यू). दंडाची चिठ्ठी आरशाला लावली. आणि मी आणि मंडळातली अजून दोघं वाचन-मदतनीसाच्या ट्रेनिंगला नाव घातलंय, कारण अबोली म्हणतात ते खरंय, हात ठेवायचं सुचलं तरी पुढे काय करायचं ते मला येत नाही.

तो 'दो'वाला मुलगा परवा भेटला. मास्तरांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं होतं तसं मी एका कागदावर दो, थ्रू, टफ, कॉफ एकाखाली एक लिहून नेले होते, शेवटचा ओ-यू-जी-एच चौघांत तोच, आवाज चार. त्याने कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, हे कोणी केलं? मी म्हटलं, इंग्रजांनी. मालक मान वर न करता वस्तरा पुसत म्हणाले, वाटलंच होतं.

गोट्या_पुणे३०
=)) =))

शेवगा
ढोलाची पानं चारशे डॉलरला? किती ढोल आहेत? आम्हाला न्यू जर्सीत यापेक्षा स्वस्त पडली, व्यनि करतो.